टेक्स्ट एडिटर उघडायला बरोबर २५ सेकंद, मग सगळं सुरळीत. नेमकं कुठे अडतंय?

निळी_शाई

नमस्कार मंडळी. डेबियन लिनक्सवर स्वे (खिडक्या मांडणारा छोटा विंडो मॅनेजर) वापरते. रोजचं लिखाण साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये, तो जीटीके ४ (खिडक्या-बटणं काढणारी लायब्ररी) वर बनलेला आहे. अलीकडे त्याने वेगळंच सुरू केलंय. लाँचरमध्ये नाव टाईप करून एंटर मारलं की काहीच होत नाही. खिडकी नाही, फिरणारं चिन्ह नाही, एररही नाही. मग अचानक खिडकी उघडते आणि तिथून पुढे एडिटर एकदम झकास. मोठ्या फायली, शोधणं-बदलणं, देवनागरी टायपिंग, कशातही खोट नाही. घोळ फक्त उघडण्याचा.

स्टॉपवॉच लावून बघितलं, २५ सेकंद. कोरी फाईल असो की हजार ओळींची, २५च. सेकंदभर इकडेतिकडे होईल म्हटलं, तर तेही नाही.

एसएसडी आहे, १६ जीबी रॅम आहे आणि त्यातली बरीच मोकळी असते. टर्मिनलची भीती नाही, पण लॉग वाचायची सवयही नाही. सुरुवात कुठून करू?

पुन्हा_इन्स्टॉल

काढून टाका, परत टाका. दहापैकी नऊ वेळा एवढ्यानेच भागतं.

रात्रपाळी

नाव सार्थ केलंत! पण लिनक्सवर याने क्वचितच भागतं. ॲप काढलं तरी होम डिरेक्टरीतलं त्याचं सेटिंग जागेवरच राहतं. ॲप्टचा (डेबियनची पॅकेज टाकायची-काढायची कमांड) 'पर्ज' वापरला तरी ईटीसीखालच्या सेटिंग फायली जातात, होममधलं काही हलत नाही. परत टाकलेलं ॲप तीच जुनी सेटिंग उचलतं आणि तोच त्रास देतं.

निळी_शाई, आधी दोन गोष्टी करा. एक, एडिटर पूर्ण बंद करून टर्मिनलमधून नावाने सुरू करा आणि काय छापून येतं ते इथे टाका. पूर्ण बंद म्हणजे पीग्रेपने (चालू प्रक्रिया शोधणारी कमांड) खात्री करून. अशी बरीच ॲप खिडकी मिटल्यावरही मागे जागी राहतात. मग दुसऱ्यांदा सुरू केलेली प्रत 'मी आधीच चालू आहे' म्हणून काम जुन्या प्रतीकडे ढकलते आणि टर्मिनलवर काहीच दिसत नाही.

दोन, मशीनवर एक नवा यूजर बनवा, त्यात लॉगिन करून तोच एडिटर उघडा. दहा मिनिटांचं काम आहे, पण दोष सिस्टिममध्ये आहे की तुमच्या होममध्ये, हे तिथेच कळतं. मला वाटतं, कोणत्याही डेस्कटॉप ॲपच्या तक्रारीत पहिला प्रयोग हाच हवा. लोक तो शेवटी करतात, नाहीतर करतच नाहीत.

दोनबोटी

माझ्याकडेही एक ॲप उशिरा उघडतं! पण ते स्नॅपमधलं (ॲप टाकायची एक वेगळी पद्धत) आहे आणि उशीर फक्त मशीन सुरू केल्यावर पहिल्यांदाच होतो. तेच कारण असेल का?

रात्रपाळी

नाही, तुमचं वेगळं आहे. स्नॅपचं पॅकेज म्हणजे दाबून ठेवलेली स्क्वॉशएफएसची फाईल. पहिल्यांदा उघडताना त्यातला मजकूर सोडवून वाचावा लागतो, पुढच्या वेळी बराचसा भाग मेमरीत तयार असतो. शिवाय तो उशीर कधी ६ सेकंद, कधी ९, असा बदलता असेल. यांचा ठरलेला आहे. वेगळा धागा काढलात तर तिथे बोलू.

निळी_शाई

केलं दोन्ही.

टर्मिनलवर दोन-तीन जीटीके वॉर्निंग आल्या, कुठल्याशा थीममधल्या सीएसएसबद्दल. मग शांतता. मग खिडकी.

नव्या यूजरमध्ये मात्र एडिटर तत्काळ उघडला! तिथेही स्वेच होतं, पण कोरं, माझ्या सेटिंगशिवाय.

मग परत माझ्या खात्यात येऊन एडिटरचं डॉट-कॉन्फिगमधलं फोल्डर आणि डॉट-कॅशमधलं फोल्डर, दोन्हींची नावं बदलून पाहिली. फरक शून्य. २५.

लॉगबहाद्दर

नावं बदललीत, उडवली नाहीत, हे फार बरं केलंत.

जीटीके वॉर्निंगकडे लक्ष देऊ नका. निरोगी ॲपसुद्धा टर्मिनलवर तसली कुरकुर करत असतं. नवखा माणूस त्यातली पहिली लाल ओळ धरतो आणि संध्याकाळ थीम बदलण्यात घालवतो.

आता त्या २५ सेकंदांत शेजारी एचटॉप (चालू प्रक्रिया दाखवणारं साधन) उघडून ठेवा. बघायचं एवढंच: एडिटर सीपीयू खातोय का, आणि त्याच्या स्टेटच्या रकान्यात कोणतं अक्षर आहे. 'आर' असेल तर तो खरंच काम करतोय, म्हणजे काहीतरी अवजड मोजतोय किंवा एकाच जागी गोल फिरतोय. 'डी' असेल तर बहुतेक डिस्कवर किंवा नेटवर्कवरच्या फोल्डरवर अडकलाय. 'एस' आणि सीपीयू शून्य असेल तर तो झोपलाय आणि कोणाच्या तरी उत्तराची वाट बघतोय. या तिन्हींचे पुढचे रस्ते पार वेगळे आहेत.

निळी_शाई

एस. सीपीयू ०.०. डिस्कचा दिवाही शांत.

कर्नलकाका

धागा आत्ता वाचला. २५ हा आकडा पहिल्याच पोस्टमध्ये दिलात तिथेच निम्मं काम झालं होतं.

संथ मशीन कधीच ठरावीक वेळ घेत नाही. लोड असेल तसं पुढेमागे होतं. दर खेपेला तोच आकडा येतो तेव्हा कोणीतरी काहीतरी मागितलेलं असतं, उत्तर आलेलं नसतं, आणि ठरलेली मुदत संपल्यावर त्याने नाद सोडलेला असतो. म्हणजे टाइमआउट. आणि लिनक्सवर प्रत्येक टाइमआउटचा आपापला आकडा असतो. ५ सेकंद किंवा त्याच्या पटीत रखडलं तर मी आधी डीएनएसकडे (साइटच्या नावावरून पत्ता शोधणारी सेवा) बघतो, कारण रिझॉल्व्हर एका सर्व्हरला मुळात ५ सेकंद देतो. मशीन बंद करताना ९० सेकंदांची उलटी मोजणी दिसली तर ती सिस्टिमडीची (सेवा सुरू-बंद करणारी व्यवस्था) एखादी सेवा थांबायची वाट. काही डिस्ट्रोंनी ही मुदत ४५ वर आणली आहे. १२० सेकंद अडकल्याचा मेसेज कर्नलच्या लॉगमध्ये आला तर एखादी प्रक्रिया 'डी'मध्ये रुतली आहे. दोन मिनिटांच्या जरा पुढे जाऊन कनेक्शन तुटलं तर समोरचा सर्व्हर टीसीपीला जबाबच देत नाही.

आणि २५ सेकंद म्हणजे डी-बस. डेस्कटॉपवरची ॲप आणि सेवा एकमेकांशी बोलतात ती यंत्रणा. तिथे प्रश्न विचारला आणि मुदत वेगळी सांगितली नाही, तर २५ सेकंद थांबायचं, अशी पद्धत.

तेव्हा प्रश्न असा: तुमचा एडिटर उघडताना कोणाला काय विचारतोय? दोन टर्मिनल उघडा. एकात चालवा:

बससीटीएल --यूजर मॉनिटर

दुसऱ्यातून एडिटर सुरू करा. पहिल्यात भराभर मजकूर येईल. तो थांबेल त्या जागी शेवटचा 'मेथड कॉल' कोणता आहे, कोणाच्या नावे आहे, ते टिपून घ्या.

लॉगबहाद्दर

काका, स्ट्रेस (ॲप कर्नलकडे काय काय मागतं ते टिपणारं साधन) जास्त सरळ नाही का?

कर्नलकाका

चालेल की. पण स्ट्रेस 'हा एका सॉकेटवर पोल करत (म्हणजे वाट बघत) बसलाय' एवढंच सांगेल. सॉकेटच्या पलीकडे कोण, ते शोधायला परत लावावं लागेल. आणि काही डिस्ट्रोंत चालू प्रक्रियेला '-पी'ने स्ट्रेस जोडू देत नाहीत, कर्नलचं पीट्रेसचं बंधन आड येतं. ॲप स्ट्रेसखालीच सुरू केलं तर ती अडचण येत नाही. दोन्ही करा म्हणावं, तुलना होईल.

निळी_शाई

आधी स्ट्रेस, कारण ते नाव ऐकलं होतं. '-एफ -टीटी' लावून आउटपुट फाईलमध्ये घेतला. हजारो ओळी. पण वेळेच्या रकान्यावरून नजर फिरवली आणि जागा सापडली. २१:१४:०७ ला एक पोल आहे, आणि त्याच्या पुढची कामाची ओळ थेट २१:१४:३२ ची. मधे चिटपाखरू नाही.

मग बससीटीएल. तिथे थांबला तेव्हा शेवटची मागणी डी-बसकडेच होती: 'ऑर्ग.फ्रीडेस्कटॉप.पोर्टल.डेस्कटॉप' या नावाची सेवा सुरू करा. त्यावर उत्तर नाही. मग २५ सेकंदांनी एरर आणि खिडकी.

हे पोर्टल काय प्रकरण आहे? मी तर असलं काही मागितलं नव्हतं.

कर्नलकाका

सापडला!

पोर्टल ही मधली सेवा आहे, एक्सडीजी-डेस्कटॉप-पोर्टल. मूळ उपयोग फ्लॅटपॅकसारख्या बंदिस्त ॲपसाठी. त्यांना तुमच्या फायली किंवा स्क्रीन थेट दिसत नाही, म्हणून ती पोर्टलला सांगतात, पोर्टल तुम्हाला डायलॉग दाखवतं, आणि तुम्ही निवडलेली तेवढी फाईल त्यांच्या हाती देतं. वेलँडवर (खिडक्या स्क्रीनवर दाखवायची यंत्रणा, स्वे तिच्यावरच चालतं) स्क्रीन शेअरसुद्धा याच वाटेने जातं. पोर्टल स्वतः डायलॉग काढत नाही. त्यासाठी त्याच्या हाताखाली बॅकएंड असतात. नोम डेस्कटॉपचा वेगळा, केडीई डेस्कटॉपचा वेगळा, जीटीकेचा सर्वसाधारण, स्वेसारख्यांना स्क्रीन दाखवण्यापुरता डब्ल्यूएलआर.

आता तुम्ही म्हणाल, माझा एडिटर फ्लॅटपॅक नाही, मग तो तिकडे का गेला? कारण जीटीके ४ वेलँडवर उघडताना फॉन्ट, थीम, गडद-उजळ असल्या गोष्टी पोर्टलच्या सेटिंग्जमधून विचारून घेतं. थोडक्यात, गडद दिसू की उजळ एवढं विचारायला तुमचा एडिटर २५ सेकंद दारात उभा आहे.

मूकवाचक

इतकी वर्षं नुसता वाचतोय, पण या वाक्यावर लॉगिन केलं.

पुन्हा_इन्स्टॉल

मग सोपं आहे, ते पोर्टलच काढून टाका. मी तेच केलंय. ॲप क्षणात उघडतात.

रात्रपाळी

उघडतील हो. पण त्यानंतर ब्राउझरमधून स्क्रीन शेअर करायला जाल तेव्हा यादी रिकामी येईल, आणि फ्लॅटपॅकच्या ॲपमध्ये 'फाईल उघडा' दाबलं तर डायलॉग येणार नाही. त्यावर तुम्ही आणखी एक धागा काढाल. ज्याला या दोन्हींची गरज नाही त्याने खुशाल काढावं, माझं काही म्हणणं नाही. पण हा दोष दुरुस्त होण्यासारखा आहे, आणि कारण समजायच्या आत भाग उपटून फेकायची सवय मला पटत नाही.

निळी_शाई

मला स्क्रीन शेअर लागतं, तेव्हा काढणार नाही.

पण हे आधी का होत नव्हतं? स्वे तर मी कधीपासून वापरतेय.

लॉगबहाद्दर

/व्हार/लॉग/ॲप्ट/हिस्टरी.लॉग उघडा. कोणत्या दिवशी कोणती कमांड दिली आणि तिच्यासोबत काय काय आलं, सगळं तारीखवार असतं. जुने भाग त्याच फोल्डरमध्ये जीझिप करून पडलेले असतात, ते झेडलेसने वाचता येतात. त्रास सुरू झाला त्याच्या आगेमागे बघा. 'काहीच बदललं नाही' असं सगळेच म्हणतात, ही फाईल मात्र तसं म्हणत नाही.

निळी_शाई

मिळालं. त्याच दिवशी चित्र काढायचं एक ॲप हवं होतं म्हणून फ्लॅटपॅक टाकलं होतं. कमांडलाइनच्या पुढे 'ॲप्ट इन्स्टॉल फ्लॅटपॅक' एवढंच आहे, पण खालच्या यादीत एक्सडीजी-डेस्कटॉप-पोर्टल आणि एक्सडीजी-डेस्कटॉप-पोर्टल-जीटीके, दोन्ही, पुढे 'ऑटोमॅटिक' असं लिहिलेलं. म्हणजे आधी पोर्टल मशीनवर नव्हतंच!

पण मग उलटं व्हायला हवं ना? नव्हतं तेव्हा ॲप अडायला हवं होतं, आलं तेव्हा सुटायला हवं होतं.

कर्नलकाका

गंमत तिथेच आहे. नसलेल्या माणसाची कोणी वाट बघत नाही. पोर्टल नव्हतं तेव्हा डी-बस लगेच सांगायची, 'या नावाची सेवा इथे नाही.' एडिटर बरं म्हणून स्वतःच्या ठरलेल्या रूपात उघडायचा. आता सेवेचं नाव आहे, ती सुरू करायचा प्रयत्न होतो, पण ती धड उभी राहत नाही आणि नाही असंही सांगत नाही. त्या अर्धवट अवस्थेत सगळे ताटकळतात.

ती उभी का राहत नाही, ते लॉगमध्ये असणार. हे द्या:

जर्नलसीटीएल --यूजर -बी

त्यात पोर्टल शोधा. इथे टाकण्याआधी मजकुरावर एकदा नजर फिरवा. फायलींची नावं, यूजरनेम, कधी कधी नको ते पत्तेही त्यात असतात. स्ट्रेसच्या फाईलबद्दल तर ही काळजी दुप्पट.

निळी_शाई

दोनच ओळी कामाच्या दिसतात.

एक्सडीजी-डेस्कटॉप-पोर्टल-जीटीके: 'कॅनॉट ओपन डिस्प्ले:' आणि अपूर्णविरामापुढे काहीच नाही, कोरं.

त्याखाली सिस्टिमडीची, की ही सेवा फेल झाली.

पण डिस्प्ले तर आहे! मी त्याच डिस्प्लेवर हे टाईप करतेय.

लॉगबहाद्दर

अपूर्णविरामापुढचं कोरंपण हेच उत्तर आहे. तिथे डिस्प्लेचं नाव यायला हवं होतं. त्या बिचाऱ्याला ते कोणी सांगितलंच नाही.

ही कमांड द्या आणि यादीत 'वेलँड_डिस्प्ले' आहे का बघा:

सिस्टिमसीटीएल --यूजर शो-एन्व्हायरन्मेंट

निळी_शाई

नाही. पाथ आहे, होम आहे, भाषा आहे, 'एक्सडीजी_रनटाइम_डिर' आहे. वेलँड_डिस्प्ले नाही, एक्सडीजी_करंट_डेस्कटॉप पण नाही.

मग मी साध्या टर्मिनलमध्ये 'एको' करून पाहिलं, तर तिथे आहे: वेलँड-१. हे कसं?

कर्नलकाका

हे नीट सांगतो, कारण स्वे, आय३ किंवा तत्सम वापरणाऱ्या निम्म्या लोकांना कधी ना कधी हे भोवतं.

तुम्ही लॉगिन करता तेव्हा सिस्टिमडी तुमच्या खात्यासाठी एक व्यवस्थापक सुरू करतं, तो 'यूजर'वाला. तो स्वेच्या आधी जन्मतो. त्या क्षणी डिस्प्ले अस्तित्वातच नसतो, म्हणून त्याच्या एन्व्हायरन्मेंटमध्ये (प्रक्रियेला सुरू होताना मिळणारी नावं-किमतींची यादी) तो असायचा प्रश्नच नाही. नंतर स्वे सुरू होतं, वेलँडचा सॉकेट उघडतं, त्याचं नाव वेलँड_डिस्प्लेमध्ये ठेवतं. एन्व्हायरन्मेंट फक्त वरून खाली जातं, प्रक्रियेकडून तिच्या पोटच्या प्रक्रियांकडे. टर्मिनल स्वेने सुरू केलं, एडिटर टर्मिनलने किंवा लाँचरने. म्हणून त्यांना डिस्प्ले माहीत आहे.

पोर्टलला मात्र स्वेने सुरू केलेलं नाही. डी-बसने मागितलं आणि त्या सिस्टिमडी व्यवस्थापकाने सुरू केलं. म्हणजे ते स्वेच्या घरातलं नाहीच. त्याला वारशात मिळालं ते लॉगिनच्या वेळचं, डिस्प्लेशिवायचं एन्व्हायरन्मेंट.

नोम आणि केडीई आपल्या सेशनच्या सुरुवातीलाच ही माहिती व्यवस्थापकाला आणि डी-बसला कळवतात, तुम्हाला पत्ताही लागत नाही. छोट्या विंडो मॅनेजरमध्ये ते आपल्याला सांगावं लागतं. आत्ता, हाताने, टर्मिनलमधून:

डीबस-अपडेट-ॲक्टिव्हेशन-एन्व्हायरन्मेंट --सिस्टिमडी वेलँड_डिस्प्ले डिस्प्ले एक्सडीजी_करंट_डेस्कटॉप

मग सिस्टिमसीटीएल --यूजर रीस्टार्ट करून आधी पोर्टल-जीटीके आणि मग पोर्टल. नंतर एडिटर उघडा. चालू टर्मिनलमध्ये एक्सडीजी_करंट_डेस्कटॉप रिकामं असेल तर ते आधी 'स्वे' असं एक्स्पोर्ट करून घ्या.

निळी_शाई

उघडला!!! एंटरवरून बोट उचलायच्या आत खिडकी हजर. फाईल मॅनेजरसुद्धा. तोही रखडत होता हे आत्ता जाणवलं, पण तो सकाळी एकदा उघडला की दिवसभर उघडाच असतो, म्हणून लक्षात आलं नव्हतं.

पण काका, नव्या यूजरमध्ये हे सगळं न करता कसं चाललं? तिथेही स्वेच होतं.

कर्नलकाका

छान प्रश्न. स्वेच्या मूळ कॉन्फिगच्या अगदी शेवटी एक ओळ असते:

इन्क्लूड /ईटीसी/स्वे/कॉन्फिग.डी/*

त्या फोल्डरमध्ये डिस्ट्रो आपल्या सोयीच्या छोट्या फायली ठेवते. त्यातल्या '५०-सिस्टिमडी-यूजर' नावाच्या फाईलमध्ये हेच काम असतं. नव्या यूजरकडे स्वतःचं कॉन्फिग नव्हतं, म्हणून मूळ वापरलं गेलं. तुमच्या कॉन्फिगमध्ये ती ओळ आहे का बघा.

निळी_शाई

नाहीये. माझं कॉन्फिग नेटवरच्या कोणाच्या तरी सुंदर स्क्रीनशॉटसोबत आलेलं. त्यात रंग, गॅप, पारदर्शक बार, सगळं आहे. ती ओळ तेवढी नाही.

रात्रपाळी

हे फार होतं. स्क्रीनशॉट काढायला ती ओळ लागत नाही ना. लोक दिसणाऱ्या गोष्टी ठेवतात आणि 'हे काय असतं' वाटणाऱ्या ओळी उडवतात. कोणाचं कॉन्फिग घेतलंच तर डिफने मूळ फाईलशी ताडून बघावं: काय जास्त आहे ते दिसतंच, काय गाळलंय तेही दिसतं.

लॉगबहाद्दर

ती ओळ टाकल्यावर नुसतं रीलोड करू नका. स्वेमध्ये साधं 'एक्झेक' सेशन सुरू होतानाच चालतं, रीलोडला चालत नाही. रीलोडला चालतं ते 'एक्झेक_ऑलवेज'. तेव्हा लॉगआउट करून परत लॉगिन करा, नाहीतर वाटेल की उपाय लागू पडला नाही.

दोनबोटी

मधेच विचारतो, माझा तो दुसरा त्रास. एका इलेक्ट्रॉनवर बनलेल्या ॲपची खिडकी उघडते पण आत सगळं काळं. हेही पोर्टलच?

लॉगबहाद्दर

नसावं. खिडकी उघडून आत काळं म्हणजे बहुधा ग्राफिक्स. ॲप एकदा '--डिसेबल-जीपीयू' लावून चालवून बघा. त्याने दिसू लागलं तर ॲपच्या कॉन्फिग फोल्डरमधल्या 'जीपीयूकॅश'चं नाव बदला आणि परत नेहमीसारखं चालवा. ड्रायव्हर बदलल्यावर तिथे जुना माल पडून राहतो. तेवढ्याने नाही भागलं तर मात्र वेगळा धागा, आणि त्यात ग्राफिक्स कार्ड कोणतं ते आधी लिहा.

निळी_शाई

अपडेट देते. ओळ टाकली, लॉगआउट-लॉगिन केलं. एडिटर, फाईल मॅनेजर दोन्ही चटकन. पण लॉगिननंतर आपोआप सुरू व्हावं म्हणून कॉन्फिगमध्ये नोंदींचं एक ॲप लावलंय, ते कधी लगेच येतं आणि कधी पुन्हा तेच २५ सेकंद. त्या दिवशी ते रखडलं की त्याच वेळी उघडलेला एडिटरही रखडतो. कधी होईल सांगता येत नाही, याचाच जास्त वैताग.

कर्नलकाका

ही शर्यत आहे. कॉन्फिगमधल्या 'एक्झेक' ओळी एकामागोमाग सुरू होतात, पण आधीची संपायची वाट बघत नाहीत. तुमचं नोंदींचं ॲप आणि एन्व्हायरन्मेंट कळवणारी कमांड जवळपास एकदम सुटतात. ॲपने आधी पोर्टल मागितलं तर पोर्टल परत डिस्प्लेशिवाय उठतं आणि पडतं. अशा वेळी ॲपच्या आधी 'स्लीप ५' लावा असं सांगणारे भेटतील. त्याने शर्यत मिटत नाही, फक्त बहुतेक वेळा आपण जिंकतो.

दोन्ही एकाच 'एक्झेक'मध्ये घ्या, मधे दोन अँपरसँड:

एक्झेक डीबस-अपडेट-ॲक्टिव्हेशन-एन्व्हायरन्मेंट --सिस्टिमडी वेलँड_डिस्प्ले एक्सडीजी_करंट_डेस्कटॉप=स्वे && नोंदींचं-ॲप

पहिलं यशस्वीपणे संपल्याशिवाय दुसरं सुरूच होणार नाही. इन्क्लूडची ओळही राहू द्या. एकच गोष्ट दोनदा कळवली तर काही बिघडत नाही.

निळी_शाई

हे चाललं. मशीन मुद्दाम बंद-चालू करून, पुन्हा पुन्हा लॉगिन करून पाहिलं, एकदाही अडलं नाही. डब्ल्यूएलआरचा बॅकएंडपण टाकला. ब्राउझरमधून स्क्रीन शेअरला आता स्क्रीन निवडता येते, जी आधी कधीच येत नव्हती. मी समजत होते वेलँडवर ते असंच असतं.

सगळ्यांचे मनापासून आभार, काका आणि लॉगबहाद्दर यांचे विशेष.

मूकवाचक

लॉगिन केलंच आहे तर विचारून घेतो. माझ्याकडे हायपरलँड (स्वेसारखाच विंडो मॅनेजर) आहे आणि नोम व केडीई दोन्हीही कधीतरी टाकून पाहिलेले. मला २५ सेकंदांचा त्रास नाही, पण फाईल निवडायचा डायलॉग कधी या रूपात येतो, कधी त्या. तीच ओळ टाकू का?

कर्नलकाका

एन्व्हायरन्मेंट पोचतंय का ते शो-एन्व्हायरन्मेंटने बघून घ्या. पोचत असेल तर ती ओळ तुमच्या कामाची नाही. तुमच्याकडे बॅकएंड जास्त झालेत आणि कोणी काय करायचं ते ठरलेलं नाही. २०२३ मध्ये पोर्टलच्या नव्या आवृत्तीपासून हे ठरवायला 'पोर्टल्स.कॉन्फ' नावाची फाईल आली. ती डॉट-कॉन्फिगखाली 'एक्सडीजी-डेस्कटॉप-पोर्टल' या फोल्डरमध्ये ठेवायची. त्यात 'प्रिफर्ड' असा विभाग करून 'डिफॉल्ट' पुढे आधी हायपरलँड, मग अर्धविराम देऊन जीटीके लिहा. हायपरलँडचा स्वतःचा बॅकएंड स्क्रीन शेअरचं बघतो, पण फाईल निवडायचा डायलॉग त्याच्याकडे नाही, म्हणून जीटीके सोबत हवाच. लिहून झालं की पोर्टलची सेवा रीस्टार्ट करा आणि दोन-चार ॲपमधून 'फाईल उघडा' दाबून बघा.